ऑफिसच्या बेसमेंटमध्ये ठेवावी लागणारी इलेक्ट्रिक युनिसायकल चोरीपासून कशी वाचवावी?

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळतं: चाक (म्हणजे ही उभं राहून चालवायची, एकाच चाकाची युनिसायकल) २४ किलोचं, ८४ व्होल्टचं. रोज हिंजवडीला ऑफिसला नेता, सिक्युरिटी वर नेऊ देत नाही, म्हणून ते आठ-नऊ तास बेसमेंट पार्किंगमध्ये पडून असतं. सध्या ट्रॉली हँडलमधून सायकलची केबल ओवून जिन्याच्या रेलिंगला अडकवता.

हे आजच थांबवा. ट्रॉली हँडल म्हणजे अॅल्युमिनियमच्या दोन पातळ नळ्या, आणि त्या थोड्याशा स्क्रूंवर प्लॅस्टिकच्या शेलला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, बसवलेल्या असतात. अॅलन की जवळ असेल तर काही मिनिटांचं काम. नसेल तर जोर लावून हँडल मोडताही येतं. मग रेलिंगला तुमची केबल शाबूत, कुलूप शाबूत, त्यात लटकलेलं हँडलही शाबूत, फक्त चाक नाही. उचलायचं वरचं हँडलही बहुतेक मॉडेलांत शेलचाच भाग असतो, म्हणजे प्लॅस्टिक. ते कुलूप लावायची जागा नव्हे.

सायकलला निदान फ्रेम असते, आऱ्या असतात. इथे मधोमध बंद हब मोटर (चाकाच्या आतच बसवलेली मोटर), त्यामुळे आरपार साखळी घालायला भोकच नाही. म्हणून कुलूप किती महागाचं घ्यायचं यापेक्षा ते चाकाच्या कुठल्या भागातून जाणार हे आधी ठरवावं लागतं. माझ्या मते योग्य जागा एकच: पेडलचा ब्रॅकेट. अॅक्सलपासून खाली येणारा धातूचा जो जाड हात पेडल धरून ठेवतो, तो. पेडल वर दुमडलं की पेडल, ब्रॅकेट आणि शेल यांच्यामध्ये एक फट राहते. साखळी किंवा यू-लॉक त्या फटीतून ब्रॅकेटभोवती घ्या. विकत घेण्याआधी फट मोजा. १० मिमीच्या साखळीची कडी बाहेरून तीन सेंटिमीटरपेक्षा रुंद असते, वर कापडी खोळ असली तर आणखी जाड. कडी जात नसेल तर १३-१४ मिमीचा यू-लॉक जातो का पाहा.

लीपरकिम शर्मनसारख्या काही मोठ्या चाकांना बाहेरून धातूची चौकट असते. तिथे काम सोपं. इनमोशन व्ही११ किंवा किंगसाँग एस१८ यांसारख्या सस्पेन्शनवाल्या चाकांत साखळी घालण्याजोग्या फटी दिसतात, पण सरकणाऱ्या गुळगुळीत दांड्यांजवळ साखळी नेऊ नका. दांडीवर चरा पडला की सील जातं आणि मग माती आत शिरते.

ब्रॅकेटचा एक कच्चा दुवा आहे. पेडल एका पिनवर फिरतं आणि ती पिन छोट्या ग्रब स्क्रूने (डोकं नसलेल्या स्क्रूने) अडवलेली असते. स्क्रू सैल करून पिन ठोकून काढली की पेडल सुटतं आणि साखळी ब्रॅकेटवरून खाली घसरते. उपाय स्वस्त आहे. स्क्रूच्या षटकोनी खाचेत बसेल असा सायकलचा छर्रा टाका आणि वर सुपरग्लूचा थेंब सोडा. सायकलच्या पेडलमध्ये जे ५/३२ इंची छर्रे असतात ते ३.९७ मिमीचे, म्हणून ४ मिमीच्या खाचेत अचूक जातात. पुढच्या हबचे ३/१६ इंची छर्रे ४.७६ मिमीचे, ते ५ मिमीच्या खाचेत. सायकल दुरुस्तीच्या दुकानात हे सुटे मिळतात. पुढे टायर बदलताना छर्रा काढायचा तर अॅसिटोन लागतं. ते कापसाच्या बोळ्याने फक्त स्क्रूवर लावा, कारण अॅसिटोनने शेलचं प्लॅस्टिक विरघळतं किंवा तडकतं. एवढा खटाटोप नको असेल तर मधे पिन असलेल्या टॉर्क्स डोक्याचे स्क्रू त्याच मापात मिळतात. त्यांचे बिट्सही बाजारात मिळतात, पण खिशात एक अॅलन की घेऊन फिरणाऱ्या भुरट्याला ते पुरे पडतात.

आता साखळी. केबल लॉक साध्या हातकटरने काही सेकंदांत तुटतं. त्याचा उपयोग चहा घेताना, चाक नजरेसमोर पाच फुटांवर असताना, एवढाच. आठ तासांसाठी किमान १० मिमीची, चौकोनी कड्यांची, हार्डन केलेली साखळी हवी. मीटरला दोन किलोच्या वर वजन भरतं, पण ती रोज वाहायची नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्येच सोडून जायची. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीवर असली की बोल्ट कटरचा एक दांडा फरशीला टेकवून दुसऱ्यावर अख्ख्या अंगाचा भार टाकता येतो. ताणून, वर, कमीत कमी ढील ठेवून बांधा आणि किल्लीचं भोक खाली येऊ द्या. बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे यातलं काहीच फार वेळ टिकत नाही. पण ग्राइंडर ओरडतो, ठिणग्या उडवतो, आणि माणसांची ये-जा असलेल्या बेसमेंटमध्ये तो चालवायची हिंमत क्वचितच कुणी करतं.

दुसरं टोक कशाला? जिन्याचं स्टीलचं रेलिंग दिसायला भक्कम, पण आतून पोकळ आणि पत्रा जेमतेम दीड मिलिमीटरचा. हॅकसॉ ब्लेडने सहज कापलं जातं. सायकल स्टँड नटबोल्टवर उभा असेल तर पान्याने उघडतो. सर्वांत चांगलं म्हणजे भिंतीत किंवा जमिनीत अँकर. १२ मिमीचे अँकर फास्टनर, काँक्रीटमध्ये ८-१० सेंटिमीटर खोल, आणि बसवल्यावर नटांची डोकी वेल्डिंगने बुजवायची. यासाठी ऑफिसची किंवा इमारतीच्या मॅनेजमेंटची लेखी परवानगी लागेल. कॉलम आणि बीमला भोक पाडायला कुणीही हो म्हणू नये. जमिनीचा स्लॅबही पोस्ट-टेन्शन्ड (आत ताणलेल्या पोलादी तारा असलेला) आहे का, हे ड्रिल लावण्याआधी विचारा. परवानगी नाही मिळाली तर अग्निशमनाची नळी सोडून दुसरा एखादा जाड, भरीव खांब शोधा. आगीच्या पाइपला बांधलेलं कुलूप सिक्युरिटी स्वतःच तोडेल, आणि ते बरोबरच आहे.

जागा निवडताना रॅम्पखालचा कोपरा टाळा, वॉचमनच्या केबिनसमोरची जागा मागा. २४ किलोचं धूड उचलून कुणी पळत नाही हे खरं, पण अॅक्टिवाच्या पायाशी ते सहज बसतं. त्यामुळे दुचाकी जिथपर्यंत येऊ शकते तिथून चाक जितकं लांब, तितकं बरं. शक्य असेल तर अॅडमिनकडून रिटर्नेबल गेटपास काढून घ्या: मेकरचं नाव, मॉडेल, सीरियल नंबर लिहिलेला. म्हणजे कुणीही चाक बाहेर काढताना गेटवर कागद मागितला जाईल. आणि अॅडमिनशी बोलणं सुरू झालंच आहे तर खाली पसरायचा ट्रे नेईन, इमारतीत चार्जिंग करणार नाही, असं लिहून देऊन चाक डेस्कखाली ठेवायची परवानगी पुन्हा मागून पाहा. बऱ्याचदा नकारामागे चिखल आणि बॅटरीच्या आगीची भीती असते, चाक नव्हे. वर नेता आलं तर या उत्तराचा अर्धा भाग तुम्हाला लागणारच नाही.

चार्जर कधीही चाकाजवळ ठेवू नका. चोरलेलं चाक चालवलं की त्याची बॅटरी लवकरच उतरते आणि मग चोराला किंवा त्याच्याकडून घेणाऱ्याला नेमक्या व्होल्टेजचा, नेमक्या कनेक्टरचा चार्जर शोधत फिरावं लागतं. तो मोबाइलच्या दुकानात मिळत नाही. भारतात अशी चाकं आणि चार्जर आणणारे विक्रेते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. चोरी झालीच तर सीरियल नंबरसह पहिला मेसेज त्यांना जायला हवा.

अॅपमधल्या लॉकवर किती भिस्त ठेवायची? इनमोशन आणि किंगसाँगच्या अॅपमध्ये लॉक आहे: त्याने चाक चालवता येत नाही, पण उचलून नेता येतंच. म्हणून ते साखळीच्या जोडीला ठेवा, साखळीऐवजी नको. लॉक करून चाक बंद करा, पुन्हा चालू करा आणि लॉक टिकलंय का ते स्वतः पाहा. मॉडेल आणि फर्मवेअरप्रमाणे (चाकातल्या सॉफ्टवेअरप्रमाणे) वागणं बदलतं. ब्लूटूथ पासवर्ड मात्र जरूर लावा. तो नसेल तर तुमच्या चाकाजवळ उभं राहून कुणीही आपल्या फोनवरून जोडणी करून वेगाची मर्यादा, टिल्ट-बॅक (वेग मर्यादेला पोचला की चाक मागे झुकून देतं तो इशारा), पेडलचा कोन बदलू शकतो. हा चोरीपेक्षाही वाईट प्रकार, कारण तो तुम्हाला कळतो तेव्हा तुम्ही चाकावर असता.

ट्रॅकर दोन ठेवा. एअरटॅग किंवा अँड्रॉइडच्या फाइंड नेटवर्कवर (आसपासच्या फोनांच्या मदतीने ठिकाण दाखवणाऱ्या) चालणारा टॅग स्वस्त, ११ ग्रॅमच्या आसपास, सीआर२०३२ बटण सेलवर साधारण वर्षभर चालतो. बसवायची जागा साइड पॅडच्या फोममध्ये किंवा शेलच्या प्लॅस्टिकमागे. मोटर, बॅटरीचं धातूचं कवच आणि कंट्रोलरचा हीटसिंक यांपासून दूर, कारण धातू सिग्नल खातो आणि एअरटॅगची तापमान मर्यादा ६० अंश आहे. सेल घेताना (मुलांनी गिळू नये म्हणून लावलेला) कडू लेप असलेला नको, काही ब्रँडचा लेप संपर्क बिघडवतो. चोराकडे स्मार्टफोन असेल तर अनोळखी टॅग सोबत फिरतोय असा इशारा त्याला मिळतो. मालकापासून दुरावलेला एअरटॅग ८ ते २४ तासांत आवाजही करतो. म्हणूनच दोन: एक पटकन सापडेल असा, दुसरा खोल दडवलेला. पहिला सापडला की शोधणारा सहसा थांबतो. बेसमेंटमध्ये टॅगचं शेवटचं ठिकाण जुनंच दिसत राहील, घाबरू नका. शेजारून नेटवर्क असलेला फोन गेला की ते बदलतं.

सिमवाला जीपीएस ट्रॅकर बसवायचा विचार असेल तर वीज कुठून घेणार ते आधी ठरवा. बाइकसाठी मिळणारे बरेच ट्रॅकर ९ ते ९० व्होल्टपर्यंत चालतात. तुमचं २० सेलच्या मालिकेचं चाक पूर्ण भरल्यावर ८४ व्होल्ट देतं, म्हणजे जेमतेम मर्यादेत. उद्या २४ सेलचं, १००.८ व्होल्टचं चाक घेतलंत तर तोच ट्रॅकर जळेल. व्होल्टेज कमी मिळावं म्हणून पॅकच्या मधूनच वायर काढणारे महाभाग आहेत. तसं केल्याने तेवढेच सेल जास्त उतरतात, पॅक असंतुलित होतो, आणि असंतुलित पॅक चालत्या चाकाला अचानक बंद पाडू शकतो. मुख्य वायरीवर फ्यूज लावून मगच घ्या. खपाचाही हिशेब करा: ट्रॅकर आणि कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) मिळून सरासरी ०.४ वॉट खात असतील तर दिवसाला जवळपास १० वॉट-अवर, म्हणजे १००० वॉट-अवरच्या पॅकमधून दहा दिवसांत दहा टक्के. दिवाळीला गावी जाऊन तीन आठवड्यांनी परतलात तर ते जाणवेल. माझा कल स्वतःची बॅटरी असलेल्या ट्रॅकरकडे आहे. तो दर एक-दोन आठवड्यांनी चार्ज करावा लागतो, पण शेल उघडावं लागत नाही. शेल उघडलं की गॅस्केट पुन्हा नीट बसवावं लागतं, नाहीतर पुण्याच्या जुलैमध्ये पाणी थेट बोर्डावर.

हालचाल जाणवली की ११० डेसिबलने ओरडणारे छोटे अलार्म बेसमेंटमध्ये कामाचे नाहीत. बुलेट शेजारून गेली की वाजतात, आणि आठवड्याभरात वॉचमन त्यातले सेल काढून ठेवतो.

आता कागद, कारण इथे आपली बाजू लंगडी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ज्या बॅटरीवरच्या वाहनांना नोंदणीतून सूट आहे, त्यांची मोटर २५० वॉटपेक्षा आणि वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी हवा. तुमचं चाक त्यात बसत नाही आणि त्याला आरसी बुकही नाही. म्हणून मालकीचा पुरावा तुम्हालाच उभा करावा लागतो: बिल, कुरिअरने आणलं असेल तर कस्टम ड्युटीची पावती, अॅपमध्ये दिसणारा सीरियल नंबर आणि एकूण किलोमीटर यांचे स्क्रीनशॉट, ओरखड्यांचे जवळून फोटो. सीरियलचा स्टिकर सोलता येतो. तोच नंबर पेडलच्या खालच्या बाजूला कोरून ठेवा, आणि शेलच्या आत नाव-फोन लिहिलेला लॅमिनेट केलेला कागद चिकटवा.

चोरी झालीच तर पोलिसांच्या वेबसाइटवर 'गहाळ' मालमत्तेची नोंद करून थांबू नका. ती हरवलेल्या वस्तूंसाठी असते. चोरीचा एफआयआर हवा, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली. आरसी नसल्याने अडलं तर सांगा की कायद्याने चोरी कुठल्याही जंगम मालमत्तेची होते, नोंदणीकृत वाहनच असायला हवं असं नाही. पोलीस ठाण्याची हद्द वेगळी निघाली तरी झिरो एफआयआर घ्यावा लागतो. टॅगचं ठिकाण दिसत असेल तर ते पोलिसांना द्या, एकटे जाऊन दार ठोठावू नका. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी मॅनेजमेंटला ईमेलने पाठवा.

विम्याचं थोडक्यात: नोंदणी नसल्याने मोटार पॉलिसी नाही. घरासाठीच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत घरफोडी मुळात धरलेली नसते, ती वेगळी घ्यावी लागते, आणि तीही बहुधा कुलूप फोडून झालेल्या चोरीपुरती व घराच्या चार भिंतींपुरती. ऑफिसच्या पार्किंगसाठी 'ऑल रिस्क' प्रकारचं कव्हर विचारा आणि त्यात मॉडेल, सीरियल आणि किंमत लिहूनच घ्या. 'इलेक्ट्रिक सायकल' असं मोघम लिहून दिलेलं कव्हर क्लेमच्या वेळी पहिल्याच पानावर अडतं.