वय ३४, दहावी पास, पदवी नाही. नागपुरात आता स्थिर काम मिळेल का?

हो, नक्की मिळेल. आयटीआयमधून फ्रीज-एसी दुरुस्तीचा दोन वर्षांचा ट्रेड करा. महाराष्ट्रात आयटीआय प्रवेशाला कमाल वयाची अट नाही आणि दहावी पुरते, त्यामुळे ३४ हे वय आड येत नाही. मी इथे हेच काम करतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की रात्री दहालाही फोन येतो, "भाऊ, कॉम्प्रेसर उचलत नाहीये." साबणाच्या फेसाने गॅसची गळती शोधायची, तांब्याची नळी नीट जोडायची, गिऱ्हाईक हात बघतं, डिग्री विचारत नाही. मात्र थंडीत घरगुती काम पार मंदावतं. म्हणून शिकतानाच कळमन्याची कोल्ड स्टोरेज, दवाखाने, बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने यांच्या देखभालीत शिरा, तिथे बारमाही पगार असतो.