'स्वतःच्या जबाबदारीवर' असा फॉर्म भरून घेतला की आयोजक सुटतो का?

तुमचा प्रश्न असा : चिखलदऱ्याच्या पायथ्याशी शेत आहे, तिथं तंबू, टेकडीवर पायपीट आणि कड्यावर रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) सुरू करायचंय. पाहुण्यांकडून 'स्वतःच्या जबाबदारीवर आलो' असं लिहून घेतलं तर पुढं कटकट राहणार नाही ना?

राहणार, भाऊ. मी परतवाड्याकडं वकिली करतो, असे फॉर्म पुष्कळ वाचलेत. 'कोणत्याही अपघातास आयोजक जबाबदार राहणार नाहीत', खाली सही, संपलं. माणूस दगावला तर पोलीस भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लावतात. हयगयीनं मृत्यू, ५ वर्षांपर्यंत कैद. तो खटला सरकार चालवतं, आणि सरकारनं तुमच्या फॉर्मवर कुठं सही केलेली असते? भरपाईसाठी ग्राहक आयोग वेगळा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं पाहुणा स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, म्हणजे पाहुणा पुण्याचा असेल तर तारखांना तुम्ही पुण्याला जायचं. अठराच्या आतल्या पोराची सही तर करार म्हणून चालतच नाही.

१९९५ मध्ये पंजाबातल्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली आणि १४ मुलं बुडाली. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये प्रत्येक मुलामागं ५ लाखांची भरपाई कायम ठेवली. मुलं ज्यांच्या भरवशावर पाठवली, त्यांनी काळजी घेतली का, हाच तिथं प्रश्न होता. तुमच्याबाबतही तोच विचारला जाईल.

म्हणून फॉर्म घ्याच, पण त्यात नेमके धोके लिहा. उदाहरणार्थ आग्या मोहोळ. आपल्याकडच्या कड्यांच्या कपारीत ही मोहोळं असतात, आणि दोरावर लटकलेला माणूस पळणार कुठं? त्या दिवशी सकाळी गावातल्या जाणत्या माणसानं दुर्बिणीतून कडा पाहिलेला हवा. विडी-सिगारेट आणि अत्तर बंद. दोर असा बांधलेला हवा की माणूस मध्येच अडकला तर वरूनच ढील देऊन त्याला झटक्यात खाली उतरवता येईल, गाठ सोडत बसायची वेळ येऊ नये. हे कोणी पाहिलं, किती वाजता, दोर कधीचा, हे रोज वहीत टिपून ठेवा. उलटतपासणीत फॉर्मपेक्षा ही वही जास्त कामाला येते. (नंतर एका बैठकीत, एकाच पेनानं भरलेली वही न्यायाधीश लगेच ओळखतात.)

परवानग्यांचं थोडक्यात : राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ चं आहे, त्याप्रमाणं पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करा. ग्रामपंचायतीच्या नुसत्या ना-हरकत दाखल्यानं भागत नाही. कडा तुमच्या सातबाऱ्यात आहे की वनजमिनीत, ते आधी पाहा. मेळघाट जवळ आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकणं हाच गुन्हा आहे, अपघात होवो न होवो.

प्रशिक्षक मान्यताप्राप्त संस्थेत शिकलेला घ्या. 'आपला पिंट्या लहानपणापासून चढतो' हे वाटाड्यापुरतं ठीक, दोरावर नाही.

विम्यात दोन गोष्टी वेगळ्या असतात. एक पाहुण्याचा अपघात विमा, दुसरा तुमच्यावर येणाऱ्या भरपाईच्या बोज्याचा. तुम्हाला दोन्ही लागतील. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. एजंट 'सगळं कव्हर आहे' म्हणाला, तर रॅपलिंग कुठं लिहिलंय त्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा, मगच चेक फाडा.