नाव द्या, पण आधी परतीचं दार बघून या

"ताई, गेले तीन आठवडे आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर फक्त भांडी वाजतात," असं ओहायोतल्या एका आईचं पत्र सुरू होतं. मुलगा कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला आपण ओंकार म्हणू. अमेरिकन फुटबॉलमध्ये सेफ्टी म्हणून खेळतो, म्हणजे बचावफळीतला अगदी मागचा राखणदार. दोन सीझन पहिल्या अकरात आहे. "आजेसासरे कोल्हापूरच्या तालमीत घुमायचे, त्यांचीच हाडं घेऊन आलाय," असं त्या लिहितात. आता त्याला चौथं वर्ष सोडून एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टला नाव द्यायचंय. (ड्राफ्ट म्हणजे संघ पाळीपाळीने, फेऱ्याफेऱ्यांत नवी पोरं निवडतात तो सोहळा.) आई म्हणते, आधी डिग्री. बाबा आधी आईच्या बाजूने होते, "पण एका एजंटने ह्यांना जेवायला नेलं आणि तिसऱ्या फेरीत नक्की जाईल असं सांगितलं, तेव्हापासून हे मुलापेक्षा जास्त उतावळे झालेत." पुढे पाच प्रश्न, आणि शेवटी सहावा: "ताई, कुणाचं चुकतंय?"

दोघांचंही. तुम्ही डिग्रीवरून भांडताय, ते पैशावरून भांडताहेत, आणि ज्या दारावरून भांडायला हवं त्याकडे दोघांचीही पाठ आहे.

हे सदर नेहमी वाचणाऱ्यांना पुढे काय येणार ते कळलंच असेल. हो, परतीचं दार. एका काकूंनी थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून लिहिलं होतं, तिथेही मी ते घुसवलं, अशी आमच्या लेकीची तक्रार आहे. असेल. पण हे वेड मला कुठून लागलं तेही ऐका.

१९९८ साल. आम्ही न्यू जर्सीत, ग्रीनकार्डचा अर्ज शेवटच्या टप्प्यात. साताऱ्याहून फोन आला, सासरे गेले. ह्यांनी बॅग भरली आणि सहज म्हणून वकिलाला फोन केला. तो म्हणाला, ॲडव्हान्स पॅरोलचा कागद काढलाय का? नसेल तर देशाबाहेर पाऊल टाकलंत की अर्ज तुम्हीच सोडून दिलात असं धरतील. कागद काढलेला नव्हता. "सध्या कुठे जायचंय आपल्याला?" असं म्हणून तो मीच लांबणीवर टाकला होता. हे गेले नाहीत. बॅग भरलेली तशीच हॉलमध्ये राहिली, आणि तेराव्याच्या दिवशी हे फोन स्पीकरवर ठेवून तिच्याशेजारी जमिनीवर बसले होते. तुमच्यापैकी बऱ्याच घरांत अशी एखादी बॅग असेल.

याच्या उलट आमचा दादा. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. १९८३ मध्ये मस्कतला निघाला, तेव्हा वडिलांनी त्याला राजीनामा देऊ दिला नाही. दोन वर्षांची बिनपगारी रजा आणि लिएन (म्हणजे जुन्या जागेवरचा हक्क) मंजूर झाल्याचा कागद हातात पडल्यावरच तिकीट काढायला परवानगी मिळाली. दादाला तिथलं ऊन मानवलं नाही. पाचव्या महिन्यात परत आला आणि सोमवारी आपल्या जुन्या खुर्चीत बसला. शेजारचे एक गृहस्थ त्याच सुमारास साहेबाच्या टेबलावर राजीनामा आपटून गेले होते. त्यांनी पुढे रसवंती काढली. रस चांगला असायचा, पण ते इंजिनिअर होते.

आता ओंकारकडे. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टला उभं राहता येत नाही, ती त्याची झालीत. कॉलेजकडून खेळायच्या पात्रतेचं वर्ष शिल्लक असताना जायचं, तर जानेवारीच्या मध्यापर्यंत नाव द्यावं लागतं. ती तारीख उलटली की नाव मागे घ्यायला उरतात ७२ तास, आणि तेही एजंटच्या करारावर सही केलेली नसेल तरच. ड्राफ्ट मात्र एप्रिलच्या शेवटी. इंडियानापोलिसला पळून, उड्या मारून दाखवायचं ते कंबाइनसुद्धा फेब्रुवारीच्या अखेरीला सुरू होतं. म्हणजे आपल्याला कुणी घेणार की नाही हे कळायच्या तीन महिने आधीच कॉलेजच्या मैदानाच्या दाराला बाहेरून कडी लागलेली असते. बास्केटबॉलच्या पोरांना संघांपुढे खेळून दाखवून, अंदाज घेऊन मे महिन्याच्या शेवटापर्यंत परत फिरता येतं. फुटबॉलवाल्यांना ती सोय नाही.

दार लागलं की कसं लागतं, ते माइक विल्यम्सच्या गोष्टीत बघा. २००३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मॉरिस क्लॅरेटने या तीन वर्षांच्या नियमावरच एनएफएलला कोर्टात खेचलं. फेब्रुवारी २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. तिकडे यूएससीचा (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा) माइक विल्यम्स, देशातल्या उत्तम रिसीव्हरांपैकी, म्हणजे चेंडू झेलणाऱ्यांपैकी, एक, त्याचीही दोनच वर्षं झालेली. निकाल ऐकून त्यानेही नाव दिलं आणि एजंट नेमला. कोर्टाने दार उघडलंय म्हटल्यावर कुणीही गेलं असतं! ड्राफ्टच्या तोंडावर वरच्या कोर्टाने निकाल थांबवला आणि मे महिन्यात तो फिरवला. (निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर पुढे सुप्रीम कोर्टात गेल्या.) ड्राफ्टचं दार बंद. विल्यम्स कॉलेजकडे वळला, तर एजंट नेमल्यामुळे तिथली पात्रता गेलेली. विनंती केली, ती नाकारली गेली. अख्खा २००४ चा सीझन हा मुलगा कुठेच खेळला नाही. पुढच्या वर्षी डेट्रॉइटने त्याला दहाव्या क्रमांकाने घेतलं खरं, पण त्याच्याबद्दल सगळ्यांना जे वाटत होतं ते पुढे घडलं नाही. आणि ज्याने दार ढकललं तो क्लॅरेट? डेन्व्हरने तिसऱ्या फेरीत घेतला, सीझन सुरू व्हायच्या आत सोडून दिला. एनएफएलचा एकही सामना तो खेळला नाही. ओहायोत राहता म्हणजे हे नाव तुमच्या शेजाऱ्यांना तोंडपाठ असणार. विचारा.

आता मला खरोखर राग आला ती जागा. पत्राच्या तिसऱ्या पानावर, चक्क कंसात लिहिलंय: "(एनएफएलच्या समितीचं मत मागवलं होतं, त्यांनी 'दोन्ही नाही' असं कळवलं, पण एजंट म्हणतो ते सगळ्यांनाच तसं सांगतात.)" अहो बाई, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! ही सल्लागार समिती तीनच उत्तरं देते: पहिली फेरी, दुसरी फेरी, किंवा दोन्ही नाही. तिसऱ्या उत्तराचा सरळ अर्थ, बाळा, अजून एक वर्ष थांब. ते सगळ्यांना तसं सांगत नाहीत. समितीचा अंदाज चुकतोही, पण तिला ओंकारच्या करारातून काही मिळायचं नाहीये. एजंटला मिळतं, जास्तीत जास्त तीन टक्के. ओंकारला कुणी घेतलं नाही तर त्याचंही नुकसान, हे मला मान्य. पण त्याच्याकडे अशी दहा-वीस पोरं असतात. तुमच्याकडे एकच आहे.

ओंकारच्या बाबांसाठी थोडे आकडे. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत मिळून २५७ मुलं घेतली गेली. उरलेल्यांना फोन येतात, ये बघू सरावाला. शिबिरात एका संघात ९० जण असतात, ऑगस्टअखेर ५३ उरतात, आणखी सोळा-सतरा सरावाच्या पथकात. नवख्याचा किमान पगार २०२५ मध्ये ८,४०,००० डॉलर होता. हा आकडा पुण्यात फोनवर सांगितलात तर पलीकडून आवाज येईनासा होईल. पण तो सीझनमध्ये आठवड्या-आठवड्याने मिळतो, संघात असाल तेवढेच आठवडे. सरावाच्या पथकात त्याच वर्षी आठवड्याला १३,००० डॉलर, आणि कुठल्याही मंगळवारी नारळ. मागच्या फेऱ्यांत हमखास असतो तो फक्त सही करतानाचा बोनस. पेन्शनला तीन सीझन भरावे लागतात, आणि खेळाडूंच्या संघटनेचंच म्हणणं आहे की सरासरी कारकीर्द तीन-सव्वातीन वर्षांची असते.

दुसरीकडे कॉलेजात राहिलं की उपाशी राहायचं, हे दिवस गेले. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे मिळवता येतात. जून २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर तर विद्यापीठं खेळाडूंना कमाईतला थेट वाटा देऊ लागलीत, पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. २०१९ च्या सुमारास शंभराहून जास्त मुलं वर्ष शिल्लक टाकून जायची, २०२४ मध्ये साठही गेली नाहीत. पोरं आपल्यापेक्षा व्यवहारी निघाली म्हणायची. एजंटबरोबर जेवायला गेलात तसे एकदा कोचबरोबर कॉफीला जा आणि विचारा, चौथ्या वर्षाचे किती देणार? लेखी मागा.

थांबणंही फुकट नसतं, हे लपवण्यात अर्थ नाही. स्टॅनफर्डचा अँड्र्यू लक २०११ मध्ये आला असता तर पहिला गेला असता असं सगळे म्हणत होते. तो थांबला, आर्किटेक्चरची डिग्री पुरी केली आणि २०१२ मध्ये पहिलाच गेला. आपल्या मंडळात हीच गोष्ट सांगतात. यूएससीचा मॅट लेनार्टही थांबला होता. त्याचं वर्ष बॉलरूम डान्सच्या वर्गात गेलं आणि तो दहाव्या क्रमांकावर घसरला. ती गोष्ट कुणी सांगत नाही. नोत्र दामच्या जेलन स्मिथचा गुडघा कॉलेजच्या शेवटच्या सामन्यात, १ जानेवारी २०१६ ला गेला, आणि वरच्या पाचांत ज्याचं नाव घेत होते तो ३४ वा गेला. त्याचा विमा होता. क्रमांक घसरला तर भरपाई देणारा विमा असतो, तो वसंतातल्या सरावाच्या आधी काढा. ते पण एक छोटंसं दारच.

आता आईकडे. "फक्त दोन सेमिस्टर उरलीत, ताई, आणि हा सगळं पाण्यात घालणार," असं तुम्ही लिहिता. पाण्यात कसं जाईल? डिग्री म्हणजे लग्नाचा मुहूर्त नव्हे, टळला की गेला. एमिट स्मिथ १९९० मध्ये फ्लोरिडा विद्यापीठ तिसऱ्या वर्षानंतर सोडून गेला, तीन सुपर बोल जिंकला आणि आईला दिलेला शब्द पाळून १९९६ मध्ये डिग्री घेतली. आणि २०२४ पासून तर पूर्ण स्कॉलरशिपवर असलेल्या खेळाडूंना सोडून गेल्यावर दहा वर्षांपर्यंत डिग्री पुरी करायला पैसे द्यायचे, असा मोठ्या विद्यापीठांवर नियमच आहे. वर्गाचं दार उघडं राहतं, मैदानाचं राहत नाही. तुम्ही नेमक्या उघड्या दाराशी पहारा देत बसलाय.

तेव्हा माझं मत: समितीचं पहिलं किंवा दुसरं उत्तर आलं असतं तर मी म्हटलं असतं, ओवाळून पाठवा. तिसरं आलंय. यंदा नको. आणि तरीही ओंकारने नाव दिलंच (एकवीस वर्षांचा आहे, सही त्याची चालते, तुमची नाही), तर तारखेनंतरचे ते ७२ तास एजंटच्या कुठल्याही कागदाला हात लावू द्यायचा नाही. त्याच्या जाहिरातींचं बघणारा माणूस वेगळा, एनएफएलसाठीचा एजंट वेगळा. त्या दोन करारांत गल्लत झाली तर पात्रता जाईल. हे नियम सध्या कोर्टकचेऱ्यांमुळे सारखे बदलताहेत, म्हणून विद्यापीठाच्या कॉम्प्लायन्स ऑफिसातून (खेळाडूंचे नियम सांभाळणारं ऑफिस) ईमेलवर उत्तर घ्या. तोंडी नको. वकिलाशी मी १९९८ आधी तोंडीच बोलत होते.

बाकीचे प्रश्न. डोक्याला मार: काळजी योग्यच आहे, पण ती तो चौदा वर्षांचा असताना हेल्मेट चढवलंत तेव्हाची आहे. कॉलेज आणि एनएफएल यांत निवड करून ती सुटणार नाही. आतापर्यंतचे कंकशनचे सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये लावा आणि संघाच्या नव्हे, बाहेरच्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. ओंकारची मैत्रीण: तिचं मत विचारलंत का? ती रोज त्याच्याबरोबर असते, तुम्ही नाही. "आपल्यातलं कुणी तिथवर गेलंय का?" गेलंय. ब्रँडन चिलार, वडील भारतीय, यूसीएलएकडून चारही वर्षं खेळून २००४ मध्ये चौथ्या फेरीत गेला. मराठी नाही, पण गणपतीच्या आरतीनंतर जे विचारतात त्यांना एवढं पुरेल.

आता इतर पत्रं. सिडनीहून विचारलंय, सासूबाईंना तीन महिने बोलवावं की सहा. तीन, आणि तिकीट तारीख बदलता येणारं. लंडनच्या वाचकांना रविवारची मराठी शाळा आणि पोहणं एकाच वेळी येतंय. पोहायला पाठवा, मराठी तुम्ही घरात बोला.

राहता राहिली ओंकारच्या ड्राफ्टच्या दिवसाची पार्टी. "मंडळाच्या हॉलचं बुकिंग आत्ताच करावं लागतं," असं ओंकारच्या बाबांनी पत्राखाली स्वतःच्या अक्षरात जोडलंय. ते रद्द करा. पुढच्या वर्षीही हॉल नको. पहिली फेरी गुरुवारी, दुसरी-तिसरी शुक्रवारी, उरलेल्या चार शनिवारी, आणि तेवढा सगळा वेळ पोराने फोनकडे बघत बसायचं आणि दीडशे माणसांनी पोराकडे. घरातले चौघं, आमरस, आणि टीव्हीचा आवाज बारीक. मंडळाला रविवारी सांगा.