ॲबोरिजिनल (ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या) कुटुंबांतल्या हिंसेला ‘संस्कृतीला धरून’ उत्तर म्हणजे काय? मारहाण ती मारहाणच ना?

तुम्ही लिहिलंय की मेलबर्नला सोशल वर्क शिकताय, वर्गात हा शब्द सारखा कानावर पडतो आणि मनात येतं, मारणाऱ्याला सरळ आत टाका की! नऊ वर्षांपूर्वी नॉर्दर्न टेरिटरीतल्या ॲलिस स्प्रिंग्जला नोकरीवर आले तेव्हा मीही तेच म्हणायचे.

आधी एक गैरसमज काढून टाका. याचा अर्थ ‘त्यांच्यात चालतंच’ असा नाही. इथल्या आंट्यांसमोर (वयस्क बायकांना सगळे आंटीच म्हणतात) असं बोलून बघा, चांगल्या फैलावर घेतील. आणि मारणारा दरवेळी ॲबोरिजिनलच असतो असंही नाही, नवरे गोरेही असतात.

खरी अडचण ही की मार खाल्लेल्या बाईने फोन करायचा कुणाला? २०१४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात पोर्ट हेडलंडला पोलीस एका घरी गेले, जोडीदाराने संरक्षण आदेश मोडला म्हणून. तिथल्या २२ वर्षांच्या ॲबोरिजिनल बाईच्या नावावर साडेतीन हजार डॉलरच्या आसपास दंड थकला होता, म्हणून तिलाही कोठडीत टाकलं. जोडीदाराच्या मारहाणीत मोडलेल्या बरगडीतून जंतुसंसर्ग पसरला होता. ती दुखतंय म्हणून सांगत राहिली, तिला नाटकी ठरवलं, आणि दोन दिवसांत ती गेली. मृताचं पहिलं नाव घ्यायचं नाही या रिवाजाला मान देऊन तिला सगळीकडे मिस धू म्हणतात. नवऱ्याने मारलं आणि पावसाने झोडपलं, तर तक्रार कुणाकडे करायची?

दुसरी भीती मुलांची. सरकारने पिढ्यान् पिढ्या ॲबोरिजिनल घरांतली मुलं उचलून नेली. २००८ मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली, पण आजही घराबाहेर सांभाळायला ठेवलेल्या मुलांत ४० टक्क्यांहून जास्त याच समाजातली आहेत. आजीला नेलेलं, आईला नेलेलं. ‘वेल्फेअर’ (मुलं नेणारं सरकारी खातं) हा शब्द ऐकला तरी नातीच्या पोटात गोळा येतो. ती तोंड उघडत नाही ती यामुळे.

आता माझी एक चूक सांगते. एका बाईसाठी मी तिच्याच भाषेचा दुभाषी बोलावला. भला माणूस. तो खोलीत येताच तिने भिंतीकडे तोंड फिरवलं ते शेवटपर्यंत. मी फॉर्मवर ‘सहकार्य करत नाही’ असं लिहून मोकळी झाले. संध्याकाळी आमच्यातली एक जुनी ॲबोरिजिनल सहकारी म्हणाली, अगं, नात्याच्या हिशेबाने तो तिचा जावई लागतो! सासू-जावयाने एकमेकांशी बोलायचं नाही, समोरासमोर यायचं नाही. सख्खा जावई असायची गरज नाही, नात्याच्या गणितात त्या जागी बसला की झालं. (आपल्याकडे सासऱ्यासमोर पदर घेत, पण हे त्याहून कितीतरी कडक.) दुसऱ्या दिवशी बाई दुभाषी आली. आम्ही बाहेर झाडाखाली जमिनीवर बसलो. अर्धा तास नुसती मॉब (म्हणजे आपली माणसं, आपला समूह) कुठली, गाव कुठलं, आजी कोण एवढंच. मग ती बोलली.

‘संस्कृतीला धरून’ म्हणजे आधी एवढंच.

पुढचं काम त्यांचं तेच करतात. युएंडुमू या वाळवंटातल्या वस्तीतल्या वार्लपिरी समाजाच्या बायकांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रात्रीची गस्त सुरू केली. हातात नुल्ला-नुल्ला, म्हणजे सोटा, आणि पोलिसी अधिकार शून्य. पण दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यासमोर त्याची मावशी किंवा आजी उभी राहिली की त्याची मान खाली जाते. ते काम गणवेशाने होत नाही.

एनपीवाय विमेन्स काउन्सिल ही वाळवंटातल्या बायकांनी १९८० साली उभारलेली संस्था. ‘उटी कुलिंजाकू’ या त्यांच्या कामात पारंपरिक वैद्य, नंगकारी, आणि शिकलेले डॉक्टर एकत्र बसले आणि मनातल्या भावनांचे पिच्चंचाचारासारख्या तिथल्या भाषांतले शब्द गोळा केले. पुढे पुरुषांचाही गट निघाला, हिंसा थांबवण्यासाठीच. मला हे सगळ्यात पटतं. आत काय होतंय ते सांगायला शब्दच नसेल तर हात उठतो.

न्यू साउथ वेल्समधल्या बर्क गावी तिथल्या ट्रायबल काउन्सिलच्या, म्हणजे ॲबोरिजिनल लोकांच्या स्वतःच्या मंडळाच्या, ‘मरांगुका’ उपक्रमात पोलीसही सामील आहेत. तिथे २०१६च्या तुलनेत २०१७ मध्ये पोलिसांत नोंदलेली घरगुती हिंसा २३ टक्क्यांनी घटली. गाव छोटं, आकडा एका वर्षाचा, त्यामुळे लगेच नाचू नका. पण २००७ मध्ये केंद्र सरकारने मुलांचं रक्षण करतो म्हणत नॉर्दर्न टेरिटरीत सैन्य पाठवून, वंशभेदविरोधी कायदा बाजूला ठेवून जे केलं, त्याबद्दल इथे कुणी चांगलं बोलताना मी ऐकलेलं नाही.

राहिला तुमचा ‘आत टाका’. जिवावर बेतलं तर पोलिसांना फोन मीच लावते, आजही. फक्त लावायच्या आधी तिला विचारते, मुलं आज रात्री कुठल्या आंटीकडे ठेवायची.