वाचकांचे प्रश्न : टायरची नक्षी आणि गाडीची तपासणी

प्रश्न : मी गेल्या वर्षी सहा वर्षे वापरलेली एक वेगवान मोटार विकत घेतली. तिला २२५/४० आर १८ ९२ वाय या मापाचे हाय-परफॉर्मन्स टायर आहेत. टायरवाल्याने नक्षीची खोली २.२ मिलिमीटर भरल्याचे सांगून ‘कायद्यात बसते, अजून चालवा’ असा सल्ला दिला. जुलैत समृद्धी महामार्गाने शिर्डीला जायचे आहे. अशा टायरांसाठी आरटीओचा वेगळा नियम आहे का? आणि हे टायर तेवढा प्रवास काढतील का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : वेगळा नियम नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांची किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. टायर साधा आहे की ताशी ३०० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी बनवलेला आहे (आपल्या टायरवरील ‘वाय’ या अक्षराचा अर्थ तोच), हे नियम पाहत नाही. तो फक्त खोली पाहतो. त्यामुळे टायरवाल्याचे म्हणणे कायद्याला धरून आहे, मात्र पावसाळ्यात समृद्धीवर या टायरांनी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

असा टायर नवा असताना त्याची नक्षी साधारण साडेसात मिलिमीटर खोल असते असे धरले, तर कायद्याची मर्यादा येईपर्यंत झिजण्यासाठी सुमारे सहा मिलिमीटर रबर हाताशी असते. आपल्या टायरात त्यातले जेमतेम ०.६ मिलिमीटर, म्हणजे दहावा हिस्सा उरला आहे. रस्त्याची पकड वाढावी म्हणून या टायरांचे रबर मऊ ठेवलेले असते आणि मऊ रबर लवकर झिजते, त्यामुळे हा उरलेला हिस्सा आपल्या अंदाजाच्या आधीच संपू शकतो.

खाचांचे मुख्य काम चाकाखालचे पाणी बाहेर काढण्याचे आहे. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचले असेल आणि गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर २२५ मिलिमीटर रुंदीच्या एकेका पुढच्या चाकाला दर सेकंदाला सुमारे १९ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. खाचा उथळ झाल्या की पाण्याला वाट उरत नाही, टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो आणि त्या क्षणी स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींचा उपयोग संपतो. रुंद टायरांना हा धोका अरुंद टायरांपेक्षा अधिक असतो, आणि हवा कमी असेल तर तो आणखी कमी वेगाला ओढवतो. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पावसाळ्यापुरती तरी तीन मिलिमीटर हीच आपली मर्यादा मानावी, असे मी का म्हणतो ते कळेल. घासलेल्या टायरांची वाहने या महामार्गावर तपासणीत अडवली गेली आहेत, तेव्हा प्रवेशाच्या ठिकाणी परत फिरण्याची वेळ येण्यापेक्षा नागपुरातच टायर बदलणे बरे.

आणखी एक गोष्ट अवश्य तपासावी. टायरवाल्याने खोली कोणत्या खाचेत मापली? वेगवान गाड्यांची चाके वरच्या बाजूने किंचित आत झुकवलेली असतात. शिवाय अलाइनमेंट बिघडलेले असेल तर टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा कितीतरी लवकर संपते, आणि ती कड उभ्या माणसाला दिसतच नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकांची आतली बाजू पाहावी. मागच्या चाकांसाठी गाडी लिफ्टवर घ्यायला सांगावी. मुख्य खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराच्या आडव्या उंचवट पट्ट्या असतात आणि त्यांची जागा दाखवणारा छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे टायरच्या खांद्यावर असतात. नक्षी झिजून एखादी जरी पट्टी पृष्ठभागाला टेकली असेल, तर टायर संपला असे समजावे.

आपली गाडी खासगी असल्यामुळे तिची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि नूतनीकरणाच्या वेळेपर्यंत तिला योग्यता तपासणी नसते. पीयूसी केंद्रावर फक्त धूर तपासला जातो. म्हणजे इतकी वर्षे या टायरांची खोली कोणी मापावी, याची सक्ती कुणावरच नाही. ब्रिटनमध्ये बहुतेक मोटारींना तीन वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते आणि तीत नक्षीच्या रुंदीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागात सर्वत्र १.६ मिलिमीटर खोली लागते. आपल्याकडेही खासगी मोटारींसाठी अशी तपासणी सुरू व्हावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझी टॅक्सी नऊ वर्षांची आहे. पासिंगच्या वेळी फक्त पुढचे टायर नवे असले तरी चालतात, असे स्टँडवर सांगतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, कामठी रोड, नागपूर

उत्तर : खरे नाही. १.६ मिलिमीटरचा नियम रस्त्यावर चालणाऱ्या चारही टायरांना लागू आहे. व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, म्हणजे आपले पासिंग आता वार्षिक आहे. पासिंगच्या दिवसापुरते दुसऱ्याचे टायर चढवण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे, तिच्या वाटेला कृपया जाऊ नये. त्या गाडीत रोज आपण आणि आपले प्रवासी बसता.

प्रश्न : चार हाय-परफॉर्मन्स टायरांचा खर्च एकदम झेपत नाही. दोनच बदलले आणि तेही थोड्या स्वस्त, कमी वेगाच्या श्रेणीतले घेतले तर? दोन पुढे बसवायचे की मागे?
— एक वाचक, मनीष नगर, नागपूर

उत्तर : दोन बदलता येतील, मात्र एका ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे असावेत. नवी जोडी मागे बसवावी. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी हेच योग्य, कारण ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर वेग कमी करून गाडी बहुधा सावरता येते, मागची सुटली तर गाडी गिरकी घेते. वेगाचे अक्षर आणि भारक्षमतेचा आकडा कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी घेऊ नये. आपण ताशी २४० किलोमीटर वेगाने कधीच जाणार नाही हे मान्य. पण अशा टायरची रचना उष्णता सोसण्यासाठीही केलेली असते, आणि २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदवलेल्या शहरात ती क्षमता वाया जात नाही.

दुकानात टायर घेताना त्याच्या बाजूवरील निर्मिती-क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत. २३२४ असेल तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. फार जुना साठा सवलतीत मिळत असला तरी नाकारावा.