अंबाडीच्या पाण्यात कंपोस्टचं कल्चर टाकू नका

प्रश्न (मुरबाड तालुका): बांधावरच्या अंबाडीचा वाख (सालीतला धागा) कापडासाठी विकायचा विचार आहे. काड्या कुजायला तीन आठवडे जातात, दुर्गंधी सुटते. कंपोस्टसाठी आणलेलं ट्रायकोडर्मा (बुरशीचं कल्चर) त्या पाण्यात टाकलं तर काम लवकर होईल का?

उत्तर: ट्रायकोडर्मा कृपया टाकू नका, मालच हातचा जाईल. सालीतले धागे पेक्टिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने चिकटलेले असतात. साचलेल्या पाण्यातले जिवाणू पेक्टिनेज हे विकर (एन्झाइम) सोडून तो चिकटा विरघळवतात आणि वाख सुटतो. ट्रायकोडर्मा मात्र सेल्युलोज कुजवणारं सेल्युलेज हे विकर सोडतं. पालापाचोळा कुजवायला ते उत्तमच, पण वाखाचा धागा मुख्यतः सेल्युलोजचा. म्हणजे धागाच कुजणार.

लवकर सोडवायचं असेल तर बराकपूरच्या ताग संशोधन संस्थेने ताग-अंबाडीसाठी तयार केलेली 'क्रिजॅफ सोना' ही जिवाणू पावडर आहे. प्रमाण हेक्टरभर पिकाच्या काड्यांना २५ किलो, म्हणजे गुंठ्याला पाव किलो. साधारण आठवडाभर वाचतो. बाजारातलं शुद्ध पेक्टिनेज महाग पडतं. ते काढलेला वाख सूतकताईआधी मऊ करायला वापरावं. घेताना सेल्युलेज नसल्याची खात्री करा, पाण्याचं तापमान आणि सामू (पीएच) डब्यावर दिल्याप्रमाणेच ठेवा. उकळत्या पाण्यात विकर निकामी होतं.

खरी कमाई मात्र कापणीच्या वेळेवर ठरते. निम्म्या झाडांना फुलं आली की कापा. बोंडं भरली की वाख जाडाभरडा होतो. जाड काड्यांचे बुंधे आधी तीन-चार दिवस पाण्यात उभे ठेवा, मग जुड्या आडव्या बुडवा. वर दगड ठेवा. चिखल किंवा केळीचे खुंट ठेवलेत तर वाख काळा पडतो आणि भाव पडतो. दहाव्या दिवसापासून रोज एक काडी सोलून पाहा. साल सहज सुटली की त्याच दिवशी बाहेर काढा, उशीर झाला तर धागा कमजोर होतो.

ओढ्यात, विशेषतः बारवी धरणाच्या पाणलोटात, हे करू नका. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि खाली तेच पाणी लोक पितात. शेतात खड्डा करून त्यात ताडपत्री अंथरा.

पहिला वाख स्वच्छ पाण्यात धुऊन बांबूवर वाळवा. विकण्याआधी माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नमुना तपासण्याबद्दल विचारा, भाव ठरवताना हाती कागद असेल.