उचल घेण्याआधी

प्रिय पोरी,

काल संध्याकाळी तुझे बाबा येऊन गेले. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले आणि उठता उठता म्हणाले, "सर, पोरीले अमरावतीले इंजिनिअरिंगले टाकाचं हाये, पण पैसा सोयाबीन निंगाल्यावरच." तोवर अडत्याकडून उचल घ्यायचं त्यांच्या मनात आहे. म्हणून हे घाईनं लिहितो आहे. उचल घेऊ देऊ नकोस.

कॉलेजवाले फी जुलै-ऑगस्टात मागतात. तेव्हा आपल्या घरातला पैसा बियाण्याखताच्या रूपानं मातीत गेलेला असतो. सोयाबीन दसरा-दिवाळीला हाती येतं, कापूस त्याच्याही मागून. सावकाराचं फावतं ते याच दोन-तीन महिन्यांत.

तुझ्यापुरतं ओझं बरंच हलकं आहे. २०२४-२५ पासून, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. प्रवेश मात्र कॅप राऊंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतूनच हवा. तालुक्याला जो माणूस मॅनेजमेंटची सीट पक्की करून देतो म्हणतो, त्या सीटवर ही सवलत नाही. त्याला एक रुपयाही देऊ नका. पहिल्या फेरीत मनासारखं कॉलेज नाही लागलं तर पुढच्या फेरीची वाट बघ.

प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर पूर्ण फी मागितली, तर घाबरून परत येऊ नकोस. सवलतीला पात्र मुलींकडून ती आगाऊ घेऊ नये असं शासनानं कॉलेजांना बजावलेलं आहे. नाहीच ऐकलं, तर अमरावतीतच तंत्रशिक्षण विभागाचं सहसंचालक कार्यालय आहे. आपण दोघं जाऊ.

जात वैधता तू बारावीतच काढलीस, फार बरं झालं. आता उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर. सेतूवर गर्दी असेल, तरी उद्याच जा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का तेही बघून घे. या सवलतीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज दर वर्षी भरावा लागतो. पहिल्या वर्षी सगळे भरतात, दुसऱ्या वर्षी विसरतात.

मेस आणि खोलीचा खर्च या सवलतीत येत नाही. सोयाबीनचा पैसा त्यासाठी राखायला बाबांना सांग. सरकारी वसतिगृहाचा अर्ज भर. तिथं नाही लागलं, तर ओबीसी मुलांना राहण्याजेवणासाठी पैसे देणारी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. नेरहून रोज जा-ये करायचा विचार असेल, तर एसटीचा विद्यार्थी पास एकतृतीयांश भाड्यात मिळतो खरा, पण प्रॅक्टिकल संपवून रोज रात्री घरी पोचायचं, हे मला पटत नाही. अभ्यास कधी करशील?

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी परीक्षेची फी भरायला माझ्याकडे पैसे नव्हते. लाजेपोटी ना घरी बोललो, ना ऑफिसात. वर्षभर जिनिंगमध्ये गाठी उचलल्या. नंतर कळलं, माझ्याच वर्गातल्या दोघांनी प्राचार्यांना अर्ज देऊन तीच फी हप्त्यानं भरली होती. ते वर्ष अजून सलतं. तुला पैशाची अडचण आली, तर त्याच दिवशी मला फोन कर, रात्र झाली असली तरी.

रविवारी सकाळी बाबांना घेऊन ये. सातबारा, सगळ्यांची आधार कार्डं आणि तुझी टीसी आण. नावांची स्पेलिंगं आधी जुळवून पाहू, मग अर्जाला बसू.

तुझे सर